पाण्याच्या टाकीवर वीतभर जागा हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिना आला की आपल्या अंकात नाग नदीत उतरलेल्या पोकलेनचे फोटो येतात, नालेसफाई किती टक्के झाली याचे आकडे येतात आणि जूनच्या तोंडावर एका चौकटीत नियंत्रण कक्षाचे दूरध्वनी क्रमांक छापले जातात. ती चौकट मी दरवर्षी कापून फ्रिजवर चिकटवते. पण ऐन वेळी फोन लागेलच, हे त्या चौकटीत सगळ्यांनी न बोलता धरून ठेवलेलं असतं. माझं पत्र त्याविषयी, आणि फोन बंद पडल्यावरही संदेश पोचवणाऱ्या एका छोट्या रेडिओ डबीसाठी पाण्याच्या टाकीवर जागा मागण्याविषयी आहे.

मी अंबाझरी तलावाच्या सांडव्याच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून हाकेच्या अंतरावर राहते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काय झालं ते नागपूरकरांना नव्याने सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, तलाव भरून वाहिला, अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा वस्त्यांमध्ये लोक झोपेत असताना पाणी घुसलं, मोरभवनच्या स्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. माणसं दगावली, लष्कर बोलवावं लागलं. मी पहिल्या मजल्यावर, म्हणून कोरडी राहिले. तळमजल्यावरचं कुटुंब गाद्या, फ्रिज, सगळं सोडून माझ्या हॉलमध्ये आलं. वीज आधीच गेली होती, थोड्या वेळाने फोनचा टॉवरही गेला. पलीकडच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात. त्या वर चढल्या की नाही हे कळायला उजाडावं लागलं. पुण्यातल्या लेकीला माझी खुशाली कळत नव्हती हे एक वेळ ठीक, पण इथे दोन गल्ल्यांमधलं कळत नव्हतं.

यात कुठल्या कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. टॉवरखालची बॅटरी आणि जनरेटर पाण्यात गेलं की टॉवर बंद पडणारच. त्याच वर्षी सरकारने आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम केकाटले होते, आठवत असेल. योजना चांगलीच आहे. मात्र तोही इशारा टॉवरवरूनच येतो आणि येतो तो एकाच दिशेने. आपण उलट काही कळवू शकत नाही.

निवृत्तीपर्यंत मी एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत सहायक होते. पोट्ट्यांनी जाळलेले मीटर उघडून पुन्हा चालू करणं, हे माझं अर्धं आयुष्य. त्यामुळे अभियांत्रिकीला असलेल्या माझ्या भाच्याने काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, वर अँटेना लावलेली एक डबी आणली तेव्हा मी ती आधी खोलून पाहिली आणि मग तिचं कौतुक ऐकलं. आत एक लहानसा संगणक आणि एक ‘लोरा’ रेडिओ. लोरा म्हणजे लांब पल्ल्याचा, अगदी कमी शक्तीचा रेडिओ. ग्रेनोबलच्या सायक्लिओ नावाच्या छोट्या फ्रेंच कंपनीने हे तंत्र काढलं आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. यात प्रत्येक संकेत वारंवारतेच्या पट्ट्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो. त्यामुळे तो आजूबाजूच्या गोंगाटापेक्षाही क्षीण झाला तरी समोरचं यंत्र त्याला ओळखून काढतं. किंमत मोजावी लागते ती वेगाची. नेहमीच्या मांडणीत सेकंदाला जेमतेम हजार बिट. फोटो नाही, आवाज नाही, फक्त मजकूर.

या डबीत ‘मेशटास्टिक’ नावाची मुक्त, म्हणजे कोणालाही फुकट वापरता येणारी संगणक प्रणाली भरतात. केविन हेस्टर यांनी २०२० मध्ये ती सुरू केली ती डोंगरात भटकणाऱ्यांसाठी, जिथे मोबाइल पोचत नाही अशा जागांसाठी. फोन ब्लूटूथने डबीला जोडायचा, फोनवर लिहायचं, डबी ते हवेत सोडते. सिमकार्ड नको, इंटरनेट नको, महिन्याचं बिल नको. ज्या डबीला तो संदेश ऐकू येतो ती तो पुन्हा बोलते, मग तिच्या पुढची. आठवडी बाजारात हरवलेल्या पोराचं नाव एक दुकानदार पुढच्याला ओरडून सांगतो, तसंच. सगळ्यांनी एकदम ओरडू नये म्हणून प्रत्येक डबी आधी थांबून ऐकते. ज्या डबीला संकेत सगळ्यात क्षीण ऐकू आला, म्हणजे जी बहुधा सगळ्यात लांब आहे, तिला आधी बोलायची संधी मिळते. तिचं बोलणं कानावर पडलं की जवळच्या डब्या गप्प बसतात. मूळ मांडणीला कोणी हातच लावला नाही तर संदेश अशा तीन उड्या मारतो, फार तर सात. आयुष्यभर प्रयोगशाळेत वावरलेल्या बाईला हा हिशोब फार आवडला, हे कबूल करते.

हे वाचून कोणी म्हणेल, फोन ते फोन ब्लूटूथवर चालणारी ॲपं आता आहेतच की. २०२५ मध्ये ट्विटरच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जॅक डॉर्सी यांनी बिटचॅट आणलं त्याची चर्चा झाली होती. गर्दीत ती चालतील. मुसळधार पावसात प्रत्येक जण आपापल्या घरात अडकलेला असताना ब्लूटूथ दोन भिंतींपलीकडे जायचा थकतो.

आता मराठीची अडचण सांगते, कारण ही गोष्ट इंग्रजी माहितीत कुठेच सापडणार नाही. एका संदेशात साधारण दोनशे बाइट मावतात. रोमन लिपीतलं एक अक्षर एक बाइट खातं. देवनागरीत प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा-वेलांटी, पाय मोडायचं चिन्हसुद्धा वेगळं धरलं जातं आणि त्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात. ‘तळमजल्यात पाणी, दोन म्हातारे, दोर हवा’ एवढं लिहिलं की जवळपास शंभर बाइट, म्हणजे निम्मी जागा संपते. म्हणून पोरं रोमन लिपीत मराठी लिहितात. माझ्या वयाच्या बायकांना ते वाचताना जीभ अडखळते. आम्ही गल्लीतल्यांनी यावर तोडगा काढला तो असा: घरांना क्रमांक दिले आणि पाच-सहा ठरावीक वाक्यं आधीच बसवून घेतली. घर क्रमांक, माणसं किती, काय हवं. बाकी ‘काळजी घ्या’, ‘देव पाठीशी आहे’ वगैरे हवेत सोडायचं नाही, त्यासाठी दुसऱ्या दिवशी फोन आहेत. मोठा संदेश सेकंद-दोन सेकंद हवा अडवून ठेवतो आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणाचा ‘दोर हवा’ वाया जाऊ शकतो. सणाच्या शुभेच्छांच्या फुलांची सवय लागलेल्या आपल्या लोकांना हे शिकवणं डबी बनवण्यापेक्षा अवघड आहे.

मजकुराचं मोल मात्र कमी लेखू नका. त्या पुरात शहरातल्या एका मूकबधिर विद्यालयातल्या मुलांना बाहेर काढावं लागलं होतं. त्यांना फोन लागला असता तरी काय उपयोग होता? आम्ही चर्चा करतो तेव्हा आवाजाला पहिलं आणि लिखाणाला दुसरं स्थान देतो. तिथे उलट होतं.

आता मुद्द्यावर येते. डबी दोन-तीन हजारांपासून मिळते, बनवायला पोरं आहेत, शिकायला माझ्यासारख्या रिकाम्या बायका आहेत. नसलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे उंची. या वारंवारतेचे संकेत सरळ रेषेत चालतात. जगात दोन उंच डोंगरांवरच्या डब्यांनी तीनशेहून जास्त किलोमीटरचं अंतर गाठलेलं आहे, आणि माझ्या दिवाणखान्यातून तीच डबी चौकापर्यंतही धड पोचत नाही. मधे सिमेंट, लोखंड आणि पावसाळ्यात पानांनी भरलेली झाडं. तीच डबी गच्चीवर नेली, नुसत्या बांबूला बांधली, तर धंतोलीकडून उत्तर येतं. नागपूर सपाट. सेमिनरी हिल्स आणि सीताबर्डीचा किल्ला सोडला तर निसर्गाने आपल्याला चढ फारसा दिलेला नाही. किल्ला लष्कराकडे आहे, तिथलं नावही काढायला नको. उरतात त्या माणसाने बांधलेल्या उंच जागा, आणि त्यातल्या सगळ्यात सोयीच्या म्हणजे महापालिकेच्या पाण्याच्या टाक्या. बहुतेक वस्त्यांजवळ एक असते, फाटकावर रखवालदार असतो, चढायला जिना असतो, आजूबाजूला तेवढं उंच सहसा काही नाही. अंबाझरीपासून नाग नदीच्या काठाकाठाने पूर्वेकडे जात राहिलं तर चार-पाच टाक्यांवर एकेक डबी बसवून मधल्या सगळ्या वस्त्या एकमेकींना ऐकू शकतील, असा आमचा अंदाज आहे. अंदाज म्हणते, कारण टाकीवर चढून तपासू दिलेलं नाही.

आम्ही अर्ज केला होता. ज्या कार्यालयात केला तिथून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, दुसऱ्याने विचारलं की हा विषय पाण्याचा, विजेचा की आपत्तीचा? कोणत्याच रकान्यात बसेना. शेवटी एका सज्जन बाबूंनी सांगितलं, “मॅडम, टॉवर लावायचा असेल तर कंपनीच्या लेटरहेडवर या.” टॉवर नाही हो, जेवणाच्या डब्याएवढी पेटी आहे, वर एक फुटाची काडी आहे, हे सांगून झालं. आवक क्रमांक मिळाला, त्यावर समाधान.

सोसायट्यांचं याहून वेगळं नाही. आमच्याच सोसायटीत गच्चीवर डबी लावायचा विषय निघाला तेव्हा एकाने रेडिएशनचं भय घातलं आणि दुसऱ्याने लगेच विचारलं, भाडं किती येईल? दोघांनाही एकच उत्तर: ही डबी बोलते तेव्हा वॉटच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास शक्ती वापरते, तीही क्षणभर, आणि बाकी वेळ नुसती ऐकते. खिशातला मोबाइल यापेक्षा जास्त ताकदीने बोलू शकतो. भाडं काही येणार नाही. गच्चीची किल्ली अखेर मिळाली ती, खरं सांगायचं तर, सचिवांच्या सूनबाईंना ट्रेकिंगची आवड आहे म्हणून.

कायद्याचा प्रश्न कोणी काढेल म्हणून सांगते. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून ठरावीक शक्तीच्या आत विनापरवाना वापरता येतो आणि २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढवला. उपकरण मात्र मान्यताप्राप्त हवं. बाजारात ४३३ आणि ९१५ मेगाहर्ट्झचे बोर्डही (डबीच्या आतले रेडिओ) सर्रास विकले जातात, स्वस्त दिसले म्हणून घेऊ नका, ते या पट्ट्यातले नाहीत. हॅम रेडिओवाल्यांशी, म्हणजे परवाना घेऊन हौसेने बिनतारी चालवणाऱ्यांशी, यात काही स्पर्धा नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात त्यांनी केलेलं काम आमच्या पिढीने पाहिलं आहे. शेकडो किलोमीटरवर आवाज पोचवायचा तर तेच हवेत. पण त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, परवाना घ्यावा लागतो. तळमजल्यावरच्या काकूंकडून ती अपेक्षा कशी करणार?

नागपुरात उंचीनंतर दुसरा शत्रू म्हणजे ऊन. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ वर गेला होता, आणि तो सावलीतला. टाकीवर बंद पेटीत काय होत असेल ते कूलरपुढे बसूनही कल्पना करता येईल. साध्या लिथियम-आयन सेलला ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं सांगितलं जातं. म्हणजे ज्या वेळी सोलर पॅनल भरभरून वीज देतं, नेमक्या त्याच वेळी सेलने ती घेऊ नये. परदेशातले व्हिडिओ पाहून पोरं काळी पेटी उन्हात टांगतात आणि जूनमध्ये सेल फुगलेला सापडतो. आमच्या पेटीला पांढरा रंग, ती पॅनलच्या सावलीत, खाली हवेला फट, आणि आत लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल, कारण तो उष्णता जास्त सोसतो. वायफाय असलेले बोर्ड वीज जास्त खातात, म्हणून टाकीवर तसले नकोत. नॉर्डिक कंपनीच्या चिपवरचे बोर्ड फारच कमी खातात, त्यांना पावसाळ्यातलं ढगाळ ऊनही पुरवता येतं. अजून एक: अँटेना घट्ट बसवल्याशिवाय वीज जोडायची नाही, रेडिओचा भाग जळू शकतो. हे वाक्य मी भाच्याच्या टेबलासमोर मोठ्या अक्षरांत लावलं आहे.

या छंदाच्या वेडात काही गोष्टी चुकीच्या चालल्या आहेत, त्याही लिहिते. पहिली, इंटरनेटवरच्या नकाशावर डब्यांचे ठिपके दिसतात म्हणून जाळं आहे असं समजणं. त्यातले पुष्कळ ठिपके इंटरनेटच्या पुलावरून एकमेकांना जोडलेले असतात. वीज गेली, वायफाय गेलं की ते सगळे पुसले जाणार. मोजायचे असतील तर घरचं वायफाय बंद करून मोजा. दुसरी, प्रत्येक उत्साही पोराला आपली डबी ‘राउटर’, म्हणजे सगळ्यांचे संदेश पुढे बोलणारी मुख्य डबी म्हणून लावायची असते, त्यात काही तरी मान वाटतो. खोलीतल्या, खालच्या डब्या राउटर झाल्या की हवा नुसती पुनरुक्तीने भरते. राउटर टाकीवरचा असावा, बाकीच्यांनी साधं गिऱ्हाईक, म्हणजे ‘क्लायंट’, म्हणून राहावं. तिसरी, गटावर पाठवलेल्या संदेशापुढे बरोबरची खूण आली म्हणजे तो कोणी वाचला असं नाही. कुठल्या तरी एका डबीने तो पुढे बोलला, एवढाच तिचा अर्थ. जिला कळवायचं आहे तिचं उत्तर येईपर्यंत कळवलं असं धरू नये.

आणि एकट्या राहणाऱ्या बायकांसाठी खास: डबी तुमच्या घराचं ठिकाण जगाला सांगू शकते. ते बंद करता येतं, किंवा ढोबळ ठेवता येतं. मूळ गटाची किल्ली, म्हणजे संदेश उघडायचा गुप्त संकेत, जगजाहीर असते, तिथे लिहिलेलं कोणीही वाचू शकतो. गल्लीचा वेगळा गट, वेगळी किल्ली, हे पहिल्याच दिवशी करून घ्यायचं.

दीक्षाभूमीच्या गर्दीसाठी हे वापरता येईल का, असं मला एका शिक्षिकेने विचारलं. लाखो लोकांसाठी मुळीच नाही, पहिल्या पाच मिनिटांत हवा तुंबेल. पण हरवलेली मुलं सांभाळणाऱ्या तंबूंमधल्या मोजक्या स्वयंसेवकांसाठी, फोन अडकतात तेव्हा, जरूर उपयोगी पडेल. जितके कमी बोलणारे तितकं हे जाळं चांगलं चालतं.

मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती सांडव्याच्या कामाची. घरोघरी गच्चीच्या टाकीत पाण्याची पातळी कळायला फ्लोट असतो, तो स्विच या डबीला जोडता येतो आणि तो उचलला गेला की डबी आपोआप ठरलेला संदेश सोडते. यासाठी नवीन काही शोधायचं नाही, प्रणालीत ही सोय आधीपासून आहे. अंबाझरीच्या सांडव्यापाशी ठरावीक उंचीवर दोन फ्लोट बसवले, एक सावध करणारा आणि एक घर सोडा म्हणणारा, तर पहाटे दोन वाजताही खालच्या वस्तीतल्या डब्या वाजतील. एक फ्लोट कचऱ्यात अडकू शकतो, म्हणून दोन. महापालिकेने मोठी यंत्रणा बसवायची ठरवली तर उत्तमच, ती बसेपर्यंत आणि बसल्यावरही हे शेजारी चालू द्या. त्या रात्री वीसएक मिनिटं आधी कळलं असतं तर तळमजल्यावरच्यांची गाडी, कागदपत्रं, औषधं वर आली असती. आमच्या खालच्या काकांचं इन्सुलिन फ्रिजमध्येच राहिलं होतं.

मागणी पैशांची नाही. नाग नदीच्या काठच्या पाण्याच्या टाक्यांवर अशी पेटी लावण्याची लेखी परवानगी, नियंत्रण कक्षात टेबलावर एक डबी आणि ती पाहणारं माणूस, आणि पावसाळ्याआधी एका रविवारी सकाळी, सगळ्यांनी फोन विमान-अवस्थेत टाकून घ्यायची एक रंगीत तालीम. तालमीत काय बिघडतं ते बिघडू द्या, त्याशिवाय कोणती टाकी कुठल्या गल्लीला ऐकू येत नाही हे कळणार नाही. पेट्या, सेल, पॅनल हा खर्च आमच्या गल्ल्या करतील, महिन्याकाठी पेटी पुसायला आमचीच मुलं चढतील.

संपादक महोदय, टाकीच्या फाटकावरचा रखवालदार भला माणूस आहे, पण तो म्हणतो, सहीचं पत्र दाखवा आणि वर जा. ते पत्र कोणत्या विभागाने द्यायचं, पाण्याच्या, विजेच्या की आपत्तीच्या, एवढं आपल्या महापालिकेच्या वार्ताहराने विचारून आपल्या अंकात छापावं, ही विनंती. उत्तर मेच्या आत मिळालं तर पहिली पेटी या पावसाळ्यात वर जाईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
अंबाझरी परिसर, नागपूर